चंदानं खाणं काहून सोडलं

१

चंदा बकरीनं खाणं सोडलं, आणि शेलूबाजारातल्या दोन जिवलग मित्रांचं बोलणं बंद झालं.

चंदा खरी बकरी नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती राहायची टीव्हीच्या पडद्यावर. पांढऱ्या चौकोनांचं अंग, चार काड्यांचे पाय आणि शेपटीच्या नावानं एक ठिपका. मयंक लुणावत आणि मुकेश या दोघांनी तिला एका जुन्यापुराण्या घरगुती कॉम्प्युटरवर घडवलं होतं. मयंक पाळण्यात होता तेव्हा त्याच्या वडिलांनी, म्हणजे कापडवाल्या खेमचंदशेठनी, दुकानाच्या हिशेबासाठी म्हणून तो आणला होता. पाटीएवढा डबा, त्यावर रबरी बटणं. त्याला स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडायचा. बंद केला की पठ्ठ्या सगळं विसरून जातो. म्हणून लिहिलेला गेम गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचा आणि पुन्हा हवा असला की टेपरेकॉर्डर किर्रर्र वाजवत त्याच्या पोटात घालायचा. हा डबा मयंकला माळ्यावर सापडला. मग चाळिशीतले दोन बाप्ये रोज संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून पोरांसारखे हसायला लागले.

गेम साधाच होता. चंदा भाजीच्या मळ्यात शिरते, वांगी, बटाटे, गाजरं, जे दिसेल ते खाते. मागे काठी घेऊन नथ्थू लागतो. नथ्थू म्हणजे मुकेशचे वडील, आणि चंदा नावाच्या खऱ्या बकरीनं एके काळी त्यांचा मळा खरोखरच साफ केला होता. पडद्यावर सूर्य या टोकापासून त्या टोकाला जातो, अंधार पडतो, तरी चंदाचं चरणं चालूच. नागपूरला जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांचा मेळा भरणार होता. येत्या रविवारी चंदाला तिथे न्यायचं ठरलं होतं.

आणि मंगळवारी मयंकनं गेम लावला, तर चंदा बटाट्यावरून चालत गेली आणि तिनं त्याला तोंडही लावलं नाही. गाजर सोडलं, कांदा सोडला. पडद्यावर दिवस बुडाला, तशी ती मटकन खाली बसली. बटणं दाबून मयंकचा अंगठा दुखायला लागला, पण बाई हलायला तयार नाही. त्यानं आत जाऊन लिहिलेल्या ओळी पाहिल्या. त्यात त्यानं न लिहिलेल्या ओळी होत्या. यंत्र आपल्या मनानं ओळी लिहीत नाही. ती भाषा गावात येत होती दोघांनाच, एक तो स्वतः आणि दुसरा मुकेश.

त्यात आदल्याच आठवड्यात दोघांची बाचाबाची झाली होती. नथ्थूनं चंदाला एक तरी काठी हाणावी असं मुकेशचं म्हणणं. माझ्या गेममध्ये कोणी कोणाला मारणार नाही, असं मयंकचं. मयंकनं मुकेशला बोलावून पडदा दाखवला तेव्हा त्याच्या डोक्यात जे यायचं तेच आलं, आणि तूच हे केलंस, असं नको ते तोंडातून निघालं. मुकेशनं चपला घातल्या.

"माह्या बापाचं नाव हाय त्या गेममधी," तो दारातून म्हणाला. "ते काढून टाक."

२

मुकेशची धाकटी बहीण उज्ज्वला मंगरूळपीरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. रोज जीपनं जायची, जीपनं यायची, आणि त्या प्रवासात रहस्यकथा वाचायची. शेवटचं पान आलं की खुनी तिनं आधीच ओळखलेला असायचा. मंगळवारी ती घरी आली तर भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. आई, हौसाबाई, ताट घेऊन तीनदा जाऊन आली होती. म्हणजे आता उपाशी दोघं झाले, पडद्यावर चंदा आणि खाटेवर मुकेश.

उज्ज्वलाला गेमचं एवढं नव्हतं. गेम काय, पुन्हा लिहिता येतो. पण पहिलीच्या वर्गात एका पाटीवर दोघांनी चित्रं काढली, तेव्हापासूनची ही जोडी. मुकेशच्या लग्नात मयंक वऱ्हाड्यांना पाणी वाढत फिरला होता. ती मोडली तर भाऊ आतून मोडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तो असलं काम करणार नाही याची तिला खात्री होती, पण बहिणीच्या खात्रीला कोण विचारतं? खरा हात शोधून मयंकसमोर उभा करायला हवा होता, तोही रविवारच्या आत. बुधवारी तिनं क्लासला सुट्टी टाकली.

मयंकचा चेहरा मुकेशपेक्षा काही बरा नव्हता. त्यानं कॅसेट तिच्या हातात दिली. गेमची तेवढी एकच प्रत होती, आणि तिच्यावर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून दोघांनी कॅसेटच्या पाठीवरची बारकी काडी मोडून टाकली होती. ती मोडली की टेपरेकॉर्डर तिच्यावर काही भरूच देत नाही. उज्ज्वलानं कॅसेट उलटी केली. मोडलेल्या काडीच्या भोकावर कागदाचा एक तुकडा डिंकानं डकवलेला होता. नखाएवढा, पण त्याच्या कडा करवतीसारख्या दातेरी. भोक असं बुजवलं की कॅसेट पुन्हा भरता येते. म्हणजे हे काम चुकून झालेलं नव्हतं, कोणीतरी ठरवून केलं होतं.

"घरच्यायले विचारलं का?" तिनं विचारलं.

मयंक इकडेतिकडे पाहायला लागला. मग त्यानं आवाज खाली आणून सांगितलं. पर्युषण चालू होतं. आठव्या दिवशीची संवत्सरी होईपर्यंत या डब्याला हात लावणार नाही, असं आईनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. मंगळवारी त्यानं चोरून लावला. आता चंदा बिघडली म्हणून घरात बोंब मारावी, तर स्वतःची चोरी आधी उघडी पडणार.

"वा रे शहाण्या," उज्ज्वला म्हणाली. "घरच्यायले इचारता येत नाई म्हणून माह्या भावावर आळ घेतला व्हय?"

मयंकनं मान खाली घातली. ती उठली आणि थेट घरात गेली.

३

पहिला संशयित अर्हम, मयंकचा पुतण्या, अकोल्याला कॉलेजात. सुट्टीला आला की त्याला तोच टीव्ही स्वतःच्या खेळांसाठी हवा असायचा, आणि हा डबा कोणा हौशी माणसाला देऊन टाका असं तो येताजाता म्हणायचा. तो जिन्याखाली लपून बटाट्याचे वेफर खाताना सापडला. तिला पाहून ठसका लागला. आजीला सांगू नको म्हणून हात जोडले, आणि मग जे विचारलं ते पटापट सांगितलं. टीव्ही हवा होता हे खरं. पण त्या डब्याची भाषा त्याला येत नव्हती. कॅसेटची काडी म्हणजे काय, हे त्यानं तिलाच उलट विचारलं. मोडली तर फेविक्विकनं जोडता येत नाही का, असंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी उज्ज्वला कंचनबाईंकडे गेली. मयंकच्या आईची अठ्ठाई चालू होती. आठ दिवस अन्न नाही, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. पाण्याचा लोटा समोर, ओठ सुकलेले, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. उज्ज्वलानं लोटा पुढे सरकवला, तर त्यांनी हातानंच थांबवलं. नवकारशी व्हायची आहे, म्हणाल्या. डब्याचं नाव काढताच त्यांचा सुकलेला चेहरा खुलला.

"त्या डब्यानं माह्या मालिका खाल्ल्या वं," त्या म्हणाल्या. "नवा आणला तवा वरीसभर टीव्ही मले दिसला नाई. हिशेब करून राह्यलो म्हणत. कसला हिशेब, देव जाणे."

एवढं बोलून त्यांना थकवा आला. दिवसभर त्या प्रवचनाला जैन स्थानकातच असतात, मागच्या खोलीत महिनोन् महिने पाऊल टाकलेलं नाही, हे घरातल्या मोलकरणीनंही सांगितलं.

उरले खेमचंदशेठ. ते दुकानात गादीवर बसून एका गिऱ्हाईकाला सुटाच्या कापडाचे नमुने कापून देत होते. अर्हमनं पेन्सिल छिलायला त्यांची झिगझॅग कात्री उचलली, तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. ती कात्री दोरीनं गादीला बांधलेली असायची आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा दुकानाचा कायदाच होता. उज्ज्वलानं डब्याबद्दल विचारलं तेव्हा ते तोंड वाकडं करून म्हणाले, असले पोरखेळ पाहायला आपल्याला फुरसत नाही. दुपारी दुकान घटकाभर बंद असतं तेव्हासुद्धा आपण मागच्या खोलीत माल लावत बसतो, म्हणाले.

तिघेही झाले. एकाला काही येत नाही, एकीला उठवत नाही, एकाला बघवत नाही. उज्ज्वला हात हलवत बाहेर आली. मयंक ओट्यावरच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, की मग मुकेशच ना?

४

"गेम लाव," उज्ज्वला म्हणाली.

मयंकनं लावला. चंदा मळ्यात आली. दोडकं खाल्लं, भेंडी खाल्ली, बटाट्याला वळसा घातला. सूर्य कलला, अंधार झाला, चंदा बसली. मयंक कंटाळून बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात उज्ज्वलानं त्याचं मनगट धरलं.

तिनं विचारलं, मंगळवारपासून एकदा तरी कोणी पुढे काय होतं ते पाहिलंय का? नव्हतं पाहिलं. बकरी बसली की मयंक वैतागून डबा बंद करत होता. मुकेशनं तर एकदाच पाहिलं आणि चपला घातल्या.

दोघं बसून राहिले. पडदा काळा, वर चार ठिपके चांदण्यांचे. आणि मग एक गोष्ट घडली. मागून नथ्थू आला. चंदाजवळ पोचला, थांबला, आणि काठी खाली ठेवून तिच्या शेजारी बसला. मयंकचा आ वासलेला तसाच. त्या दोघांना तसंच बसवून रात्र सरली, लिंबाच्या झाडामागून सूर्य उगवला. तरी चंदा उठेना. सूर्य झाडाच्या शेंड्यावर आला, आणि तेव्हा ती उठली, भेंडीकडे गेली आणि खायला लागली. नथ्थूनं काठी उचलली, पळापळ पुन्हा सुरू.

"हा बिघाड नाही मयंकभाऊ," उज्ज्वला हळूच म्हणाली.

मयंककडून समजावून घेत तिनं आतल्या नव्या ओळी वाचून काढल्या. सूर्य उगवल्यावर चंदानं किती थांबायचं, याचा आकडा तिथे दिलेला होता. अठ्ठेचाळीस. पन्नास नाही, पंचेचाळीस नाही. हाच आकडा कोणाला सुचावा, आणि का, हे तिला कळेना. मयंकनं खांदे उडवले. सकाळी डोळे उघडायच्या आधी चहाचा कप तोंडाला लावणारा माणूस तो, त्याला काय कळणार.

५

संध्याकाळी घरी हौसाबाई भाजीच्या पाट्या लावत होती. एका पाटीत सगळं, आणि दुसऱ्या पाटीतून ती बटाटे, कांदे, गाजरं, मुळे वेचून बाहेर काढत होती.

"हे काहून काढून राह्यली व माय?" उज्ज्वलानं सहज विचारलं.

"मारवाडी गल्लीची पाटी हाय. संवत्सरी झाली का गिऱ्हाईक येईन. जमिनीच्या आतलं ते नाई खात, तुले काय माहीत नाई?"

माहीत नसायला काय झालं? लहानपणी तीच पाटी तिनं आईबरोबर त्या गल्लीत वाहिली होती. दिवस बुडाला की तिथे चूल विझायची. सकाळी लवकर गेलं तर घरातली माणसं घड्याळाकडे बघत बसलेली असायची. सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी, त्याच्या आधी पाण्याचा थेंबही नाही. त्याच सकाळचा तो लोटा तिच्या डोळ्यांसमोर आला. सगळं उजेडासारखं समोर होतं, आणि ती मात्र बिघाड शोधत बसली होती.

चंदाला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. चंदाला कोणीतरी जैन केलं होतं.

ती हसतच सुटली. हौसाबाईनं पोरीला बाहेरचं लागलं की काय म्हणून तिच्या कपाळाला हात लावला.

मग उज्ज्वलानं एकेक धागा लावला. मुकेश कांद्याशिवाय जेवत नाही, नवकारशीचे अठ्ठेचाळीस त्याला ठाऊकच नाहीत. मयंकला नवकारशी आठवत नाही. अर्हम वेफरवाला. कंचनबाई नेमाच्या, पण यंत्रापासून दूर. कॅसेटचं भोक बुजवायची युक्ती जुन्या जमान्यातल्या माणसाचीच. आणि तो दातेरी कागद! कापडाच्या नमुन्याला तसेच दात असतात. ते पाडणारी कात्री साऱ्या गावात एकच, आणि ती गादीला बांधलेली.

६

शुक्रवारी, संवत्सरीच्या सकाळी, दुकान बंद होतं. खेमचंदशेठ मागच्या खोलीत एकटेच गठ्ठ्यावर बसलेले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, उपवास. उज्ज्वला समोर जाऊन बसली आणि म्हणाली, धर्माचं एक विचारायचं आहे. धर्माचं नाव काढलं की शेठ गिऱ्हाईकालाही विसरायचे.

"पडद्यावरच्या बकरीनं रातच्याले बटाटा खाल्ला, तर पाप कोणाले लागते काकाजी?"

"बकरीले कायचं पाप? जनावर ते, अन् तेही ठिपक्यायचं." ते सावरून बसले. "आपल्यात करणं, दुसऱ्याकडून करवणं अन् करत्याले भलं म्हणणं, तिन्ही सारखेच. जो बटन दाबून तिले चारते, त्याले लागते."

"म्हंजे बटन दाबणाऱ्याले."

"दाबणाऱ्याले."

"अन् तुमी कवापासून दाबून राह्यले?"

खेमचंदशेठ दाराकडे पाहत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. तोंडावर उपरणं दाबून ते असे काही हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

सगळं बाहेर पडलं. डबा हिशेबासाठी आणला हे घरी सांगायला होतं. खरं तर नागपूरच्या एका दुकानात त्यावर उड्या मारणारा बेडूक दिसला आणि ते तिथेच अडकले. वर्षभर रात्रंदिवस शिकले, बेडूक केला, मांजर केलं. मग कंचनबाईंनी मालिकांवरून घर डोक्यावर घेतलं, दुकान वाढलं, आणि शेठ माणसानं बेडूक काय करायचे म्हणून डबा माळ्यावर गेला. पोरानं तो खाली काढला तेव्हा त्यांना रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी तोंडातून निघालं, पोरखेळ.

दुपारी दुकान बंद झालं की मात्र ते चोरून चंदाला खेळवायचे. तिच्यावर जीव जडला होता. आणि पर्युषण आलं.

"पोटाले उपास अन् हातानं बकरीले रातच्याले बटाटा चारून राह्यलो," ते म्हणाले. "झोप लागे ना पोरी. मंग तिलेच नेम लावून देल्ला. जो खेळीन त्याचंही पाप टळते."

मयंकनं आठ दिवस हात न लावायचा शब्द दिला होता, म्हणून कोणाला कळायच्या आत जुना गेम परत भरून ठेवू, असा त्यांचा हिशेब. जुना गेम सुखरूप होता. त्यांनी तो आधी स्तवनांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भरून ठेवला होता. बाप आपला नेम करत होता आणि लेक आपला शब्द मोडत होता, दोघंही चोरून, एकाच खोलीत. त्यात बिचारा मुकेश सापडला.

मुकेशवर आळ आला हे ऐकताच शेठचं हसू मावळलं. हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"त्या पोराले म्या मांडीवर खेळवलं," ते म्हणाले. मग उपरणं सारखं करत म्हणाले, "मयंकले तोंडानं सांगनं मले जमन नाई."

"मंग तोंडानं नोका सांगू," उज्ज्वला म्हणाली. "आज संवत्सरी हाय ना?"

७

संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपली. गल्लीत घराघरात लोक एकमेकांना हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हणत होते, वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा करा. उज्ज्वलानं भावाला हाताला धरून, जवळजवळ ओढतच, मागच्या खोलीत आणलं. मयंक तिथे होता. दोघं दोन भिंती पाहत उभे राहिले.

खेमचंदशेठ आले. कोणाशी न बोलता डब्यासमोर बसले, कॅसेट घातली, आवाजाची कळ नेमकी जिथे हवी तिथे फिरवली. मयंकनं वडिलांची बोटं पाहिली. ती रबरी बटणांवर अशी पळत होती, जशी त्याची स्वतःची कधी पळाली नव्हती. तो काही बोलणार, तर काकाजींनी नुसती मान हलवली, पडद्याकडे बघ म्हणून.

चंदा आली. खाल्लं, पळाली. दिवस बुडाला, ती बसली. नथ्थू आला, काठी ठेवून तिच्या शेजारी बसला. आणि त्यांच्या डोक्यावर, चांदण्यांच्या जागी, एकेक अक्षर उमटायला लागलं. मुकेश. मयंक. मिच्छामि दुक्कडम.

खाली नाव नव्हतं. लागतही नव्हतं.

मयंकनं आधी वडिलांकडे पाहिलं आणि मग वळून मुकेशसमोर हात जोडले. मुकेशनं त्याचे जोडलेले हात तसेच धरून खाली केले.

"माहा बाप जन्मात कदी काठी ठेवून बसला नाई बे," तो म्हणाला. "हे राहू दे. जुना नोको आता. हाच नागपूरले नेऊ."

दारात कंचनबाई उभ्या होत्या. आठ दिवसांचा उपवास, पण आवाज ठणठणीत. मग हा हिशेब होता का वर्षभर, असं त्यांनी विचारलं, आणि शेठनी बायकोला त्या दिवशीचं तिसरं मिच्छामि दुक्कडम घातलं.

रविवारी सगळे नागपूरला गेले. कंचनबाईंनी खाकऱ्यांचा डबा बांधून दिला. मेळ्यात दिवसभर चंदासमोर गर्दी होती. ती अंधार पडल्यावर बसली की नवा माणूस म्हणायचा, अडकला वाटतं. मग मयंक आणि मुकेश एका सुरात म्हणायचे, थांबा. आणि थांबत होते लोक. लहानथोर सगळे त्या बकरीबरोबर सकाळ होण्याची वाट पाहत उभे राहायचे, आणि सूर्य लिंबाच्या शेंड्यावर आला की टाळ्या वाजवायचे.

शेवटी मेळ्याच्या चालकानं विचारलं, हा रात्रीचा नेम कोणाच्या डोक्यातून निघाला? दोघांनी मागे बोट दाखवलं. खेमचंदशेठ खिडकीपाशी खुर्चीवर बसून घाईघाईनं खाकरा खात होते, एक डोळा बाहेरच्या सूर्यावर ठेवून. साऱ्या सभागृहाची मान त्यांच्याकडे वळली. त्यांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली, उरलेला घास गिळला, पाणी प्याले, खाकऱ्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि मग उठून उभे राहिले. बाहेर दिवस बुडाला होता, आणि पडद्यावर चंदाही बसली होती.